रिकाम्या शंखांचा चुना

त्या किनाऱ्यावर स्वतःचं घर बांधता कुणालाच येत नव्हतं. समुद्रातल्या गोगलगाई मरत, त्यांचे शंख वाळूवर येऊन पडत, आणि मऊ पोटाचे खेकडे त्यांत संसार मांडत. अंग वाढलं की शंख आवळू लागे. मग दुसरा, मोठा बघायचा.

त्याची एक रीत होती. भरती मोठा शंख टाकून गेली की सगळे त्याच्यापाशी ओळीने उभे राहत, थोरला पुढे, धाकटा मागे. थोरला नव्यात शिरे, त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्या जुन्यात तिसरा. एका रिकाम्या शंखावर अख्ख्या ओळीची सोय लागे आणि शेवटी कुणालाच नको असा एक चिमुकला शंख उरे. इतका हातोहात फिरणारा माल चांगल्या बाजारातही बघायला मिळत नाही.

पुढे तिथे भट्टी आली. ती शंख भाजून चुना करी, आणि त्या चुन्याने डोंगरावरच्या मोरांच्या नगरीतल्या भिंती पांढऱ्याशुभ्र होत. तिच्यासाठी शंख गोळा करणारा बगळा होता, गोड बोलणारा, पाय कधी मळू न देणारा. भट्टीचा त्याला सक्त नियम होता : राहत्या शंखाला चोच लावायची नाही. म्हणून तो प्रत्येक शंखावर टकटक करी, "कोणी आहे का?" म्हणून विचारी, जरा थांबे, आणि उत्तर आलं नाही तरच शंख टोपलीत टाकी. या नियमाचं मोरांना भारी कौतुक.

ओळी मात्र उभ्याच राहू लागल्या.

एका ओळीच्या तोंडाशी वाकडी नावाची थोरली कुर्ली होती. तिचा शंख इतका आवळला होता की तिला धड श्वास घेता येत नव्हता. ती सरळ भट्टीकडे गेली.

"धंदा बंद करा असं मी म्हणत नाही, बाई," ती म्हणाली. "शंख एक भरतीभर वाळूवर राहू द्या. आमची अदलाबदल झाली की उरेल तो तुमचाच. जरा लहान मिळेल, जरा उशिरा मिळेल, एवढंच."

"मोरांचा उत्सव तोंडावर आलाय, कुर्लीबाई," भट्टी म्हणाली. "उशीर झाला तर माझी आग थंड होते."

"आग परत पेटवता येते."

बगळा हसला. "ही आता आपल्याला धंदा शिकवणार. आधी स्वतःच्या घरात मावून दाखव म्हणावं."

पण ही कुरकुर डोंगरावर पोचली तर बरं दिसणार नाही, हे भट्टीने ओळखलं. थोड्याच दिवसांत बगळा भरलेली टोपली घेऊन आला. आत भट्टीने चुन्याचे ओतलेले नवेकोरे शंख होते, हव्या त्या मापाचे. अट एकच : जुना द्या, नवा घ्या.

वाकडीने एका शंखावरून मिशी फिरवली. "हा पाण्यात कसा राहील?"

"घर हवं होतं ना तुला? मिळतंय तर आता खोट काढतेस?"

मागून एक बारका आवाज आला. "मावशी, सर ना पुढे. तू अडलीस की आम्ही सगळे अडतो."

वाकडीने मागे बघितलं. ओळ पार खडकापर्यंत गेली होती. ती जुन्या शंखातून बाहेर आली आणि नव्यात शिरली. मागोमाग सगळे शिरले. बगळ्याने जुना शंख न् शंख टकटक करून, विचारून टोपलीत भरला आणि तो निघून गेला.

कोरड्या वाळूवर ताजा चुना गारच लागतो. पाणी लागल्यावर तो काय करतो, हे भट्टीला पक्कं ठाऊक होतं. पण वाकडीने विचारलं होतं बगळ्याला.

भरती आली आणि गेली.

ओहोटीला वाळूवर पांढऱ्या शंखांची ओळ होती, थोरला पुढे, धाकटा मागे, मधे कुठे जागा सुटलेली नाही. त्यांना तडे गेले होते आणि तड्यांतून अजून वाफ निघत होती. बगळा रिकामी टोपली घेऊन आला. पाय भाजू नयेत म्हणून थोडा लांब उभा राहिला आणि मान पुढे करून पहिल्या शंखावर त्याने टकटक केलं.

"कोणी आहे का?"

नियमाप्रमाणे तो जरा थांबला. मग शंख टोपलीत ठेवून दुसऱ्याकडे वळला.