मानाचा नांगर आणि दोन गाढवं

एका गावात एक कुंभारीण राहत होती, आणि त्याच गावात सगळं काही येणारे पाच म्हातारे राहत होते. पारावर बसून बसून त्यांना ते आलं होतं.

गावची जमीन राखाडी, भारी आणि चिकण. पावसात तिच्यावर पाय ठेवला की पाय तुमचा, जोडा तिचा. उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की कोंबडी पिल्लांना घेऊन बांध ओलांडत नसे. चिखल सरला आहे पण दगड झालेला नाही, असे दोन-तीनच दिवस ही जमीन शहाण्यासारखी वागायची. त्याला म्हणतात वाफसा. तेवढ्यात नांगरून पेरलं तर पीक, नाहीतर बोंब.

ओढ्याकाठचा एक खोलगट तुकडा कोणालाच नको होता, म्हणून म्हाताऱ्यांनी तो मोठ्या मनाने कुंभारणीला दिला. अट एकच. पहिल्या वर्षी पीक दाखव, नाहीतर जमीन परत.

कुंभारणीने आधी कडेने एक चर खणला. पाचही म्हातारे बघायला आले.

"हे काय गं?" थोरल्याने विचारलं.

"चर आहे आबा. साचलेलं पाणी ओढ्याला जाईल."

"आमच्या वाडवडिलांनी कधी चर खणला नाही."

"म्हणूनच इथं बेडकांशिवाय काही पिकलं नाही."

थोरल्याला उलट उत्तरं आवडत नसत, आणि बरोबर असली तर मुळीच नाही. त्याने उभं राहून चर बुजवायला लावला.

मग पाच दिवस पाऊस कोसळला. सहाव्या दिवशी ऊन पडलं न पडलं तोच थोरला फेटा बांधून, बैल आणि नांगर घेऊन निघाला. गावाची रीतच तशी होती. पहिला नांगर सगळ्यांत थोर माणसाचा, तोही ओढ्याकाठून, म्हणजे आता कुंभारणीच्या तुकड्यातून. हा मानाचा नांगर पुरा होईपर्यंत दुसऱ्या कोणी आपल्या शेतात औत घालायचं नाही.

कुंभारणीने मूठभर माती दाबून पाहिली. ती बोटांतून लोण्यासारखी बाहेर आली.

"आबा, आज नको. ओली माती तुडवली की ती गच्च बसते. मडक्यासाठी आम्ही तेच करतो. मडक्याच्या बुडाला ज्वारी उगवलेली बघितलीत कधी?"

"तू मडकी भाज! सत्तर पावसाळे बघितलेत मी."

"बघितलेत. पारावरून."

थोरला शिरला. चार पावलांवर बैल थांबले, हिसका देऊन सुटले आणि घरी गेले. त्यांना मानाचं काही कळत नव्हतं. नांगर रुतला, आणि थोरला गुडघ्यापर्यंत गेला. त्याला हात द्यायला दुसरा शिरला, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. पाचवा म्हणाला, "तुम्हा चौघांना काडीची अक्कल नाही," आणि तोही शिरला.

पोरांनी दोर टाकून ओढलं, तर थोरल्याचा फेटा तेवढा आला.

"ओढू नका रे!" थोरला गरजला. "आम्ही अडकलेलो नाही. उभे आहोत."

झालं! एकदा तसं म्हटल्यावर निघणार कसे? सुनांनी शिड्या आडव्या टाकून भाकऱ्या पोचवल्या. कुंभारणीने त्यांच्या डोळ्यांदेखत चर पुन्हा खणायला घेतला. पाचही जण बोंबलले, पण तिला अडवायचं तर चालत जावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिने मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून टाकला. तो पडला आणि फुटून मोकळा झाला. वाफसा आला होता! गावचे सगळे शेतकरी नांगर घेऊन आपापल्या बांधावर उभे होते. नुसते उभे.

"मानाचा नांगर पुरा व्हायचाय," थोरला ओरडला. "त्याआधी जो औत घालेल त्याची जमीन गेली!"

कुंभारीण विचारात पडली. थांबावं तर उद्या दगड. पीक नाही, म्हणजे जमीन गेली. नांगरावं तर आजच गेली.

"जायचीच आहे, तर नांगरून जाऊ दे," ती म्हणाली. तिच्याकडे बैल नव्हते. तिने मडकी वाहणारी दोन गाढवं जुंपली.

"अगं, गाढवाचा नांगर!" थोरल्याला घाम फुटला. "गावाचा सत्यानाश करतेस?"

"सत्यानाश मधोमध उभा आहे, आबा. मी त्याला वळसा घालून जाते."

माती शिऱ्यासारखी मोकळी होत गेली. बांधावरचा एक शेतकरी हळूच खाली उतरला. मग दुसरा उतरला. दुपारपर्यंत सगळा शिवार नांगराखाली होता, संध्याकाळपर्यंत पेरूनही झाला.

कुंभारीण फावडं घेऊन म्हाताऱ्यांकडे आली. "आबा, आज माती सुटी आहे. चार फावड्यांत पाय मोकळे करते. उद्या पहार लागेल."

"आधी माफी माग."

तिने पाचही तोंडांकडे एकदा बघितलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की म्हाताऱ्यांच्या पायांभोवती माती विटेसारखी आवळली. आता मात्र त्यांनी पहारी मागवल्या. सगळं गाव जमलं. तेवढ्यातही थोरला म्हणाला, "हिची जमीन काढून घ्या!"

कोणी हललं नाही. पहार घेऊन थोरल्याचीच सून पुढे आली.

"घ्या की मामंजी," ती म्हणाली. "पण आधी तुमचे पाय काढून घ्या तिच्यातून."

सगळं गाव फिदीफिदी हसलं. जमिनीचा विषय तिथेच संपला.

त्या वर्षी कुंभारणीच्या तुकड्यात पुरुषभर उंच ज्वारी आली. फक्त पाच ठिकाणी काडीही उगवली नाही. म्हातारे उभे होते तिथे.

तात्पर्य: मातीला माणसाचं वय कळत नाही, फक्त वजन कळतं. म्हणून ज्याला काम कळतं त्याला पुढे जाऊ द्यावं, आणि ज्याला कळत नाही त्याने, तो कितीही थोर असला तरी, बांधावर उभं राहावं.