बाहेरून दिसलेलं हसू

गढीवर त्र्यंबककवींनी सरदारांपुढे नवं काव्य वाचलं. तळघरात कोंडलेली दासी धन्याचं नाव घेत हसत हसत मेली, असं त्यात होतं. सगळे वाहवा करू लागले. विकत आणलेली म्हातारी दासी भिवरा मात्र पुढे आली. काव्यातली ती मेलेली दासी तिची बहीण होती आणि याच गढीच्या तळघरात तिच्याशेजारी भिवराही कोंडलेली होती.

तिनं विचारलं, "कविराज, ती हसली हे कसं कळलं?"

"कवीला बाहेरूनही सगळं दिसतं!"

"मग एकदा आतूनही पाहा की."

सरदारांना गंमत वाटली. कवी ऐटीत तळघरात उतरले. भिवरानं दार लावलं. काळोखात कवींच्या हाताला भिंतीवरचे नखांचे ओरखडे लागले आणि ते किंचाळत दार बडवू लागले.

भिवरा दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "बाहेरून तर तुम्हीही हसताना दिसताय, कविराज."