पाळकबाबांनी मागितलेली प्रार्थना

एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत एक वृद्ध पाळक राहत असत. सारे त्यांना पाळकबाबा म्हणत. अमोस नावाचा एक तरुण त्यांच्या हाताखाली पाळकाचे काम शिकायला आला होता. त्याचे वाचन दांडगे होते, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच, अशी त्याची खात्री होती.

त्या चर्चच्या मंडळीत रिबेकाबाई नावाच्या एक बाई होत्या. नवरा ट्रक चालवी आणि महिन्यातून दोनदा घरी येई. घरी शाळकरी मुली आणि वृद्ध सासू होती. सासूची स्मृती गेली होती. कप हातात असतानाही ती विचारी, "चहा झाला का गं?" दार उघडे दिसले की रस्त्याला लागे, आणि रिबेकाबाई ओल्या हातांनी तिच्यामागे धावत. नळाला चार दिवसांनी पाणी येई, तेही नेमके सासूबाईंना आंघोळ घालण्याच्या वेळी. यातले एकेक संकट फार मोठे नव्हते, पण त्यांत खंड म्हणून नव्हता. चार महिने झाले, त्या उपासनेला आल्या नव्हत्या. घरी प्रार्थना करणेही सोडले, असे त्यांनी शेजारणीला सांगितले होते.

अमोस त्यांना भेटायला गेला. जाताना त्याने कृतज्ञतेवर छान तयारी केली होती.

"ताई," तो म्हणाला, "देवाने दिलेले आठवून पाहा. धडधाकट हातपाय आहेत, डोक्यावर छप्पर आहे."

रिबेकाबाई पिळलेली चादर दोरीवर टाकत होत्या. "हात आहेत म्हणूनच तर राबतेय, ब्रदर," त्या म्हणाल्या. "तुमचं सगळं खरं आहे. पण आज नको."

त्यांनी दार लावून घेतले.

अमोस खिन्न होऊन परतला. पाळकबाबांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या आपण दोघे जाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे गेले. वाटेत अमोस विचार करत होता, बाबा आता बायबलमधले कोणते वचन काढणार? पण बाबांनी वचन काढले नाही की उपदेश केला नाही. ते बाजेवर सासूबाईंच्या शेजारी बसले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "रिबेका, परवा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक डोळा आधीच गेलेला. हाही गेला तर, या विचाराने घास उतरत नाही बघ. माझ्यासाठी प्रार्थना करशील?"

अमोस चकित झाला. संकटात सापडलेल्या बाईचे सांत्वन करायचे सोडून बाबा तिच्यापुढे आपलेच गाऱ्हाणे मांडत होते!

"मी?" रिबेकाबाई म्हणाल्या. "बाबा, मी चार महिन्यांत देवाशी एक शब्द बोलले नाही."

"मग माझ्या निमित्ताने बोल."

 रिबेकाबाई हात पुसून खाली बसल्या, डोक्यावर पदर घेतला.

"प्रभू, या बाबांचे डोळे सांभाळ. यांनी माझं लग्न लावलं. माझ्या पोरींचे बाप्तिस्मे केले. यांना भीती वाटतेय…"

"चहा झाला का गं?" सासूबाईंनी मध्येच विचारले.

"ठेवते, आई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, आणि थांबल्या. पुन्हा बोलू लागल्या तेव्हा आवाज बदलला होता. "प्रभू, या म्हातारीनेच मला तुझ्याशी बोलायला शिकवलं. नवी नवरी होते, स्वयंपाक करपायचा, मी रडायचे. ही जवळ बसून म्हणायची, त्याला सांग, तो ऐकतो. आता तिला काही आठवत नाही. पण मला आठवतंय, प्रभू. तेवढ्यासाठी तुझे उपकार. बाबांना दृष्टी दे. येशूच्या नावाने मागते, आमेन."

चुलीपाशी जाऊन त्यांनी डोळे पुसले आणि चहाचे आधण ठेवले.

परतताना अमोसला राहवेना. "बाबा, ते ऑपरेशन खरंच आहे, की ती युक्ती होती?"

"परवा आहे. आणि भीतीही खरी आहे. युक्ती असती तर तिने ओळखली असती."

"पण दुःख तिचं होतं. मागणं तुम्ही का मागितलंत?"

पाळकबाबा एका पाराच्या कट्ट्यावर टेकले. "चार महिने तिच्या घरी सगळे द्यायलाच जातात. कोणी फळे देतो, कोणी सल्ला. तिच्याकडे कोणी काही मागत नाही. असे झाले की माणसाला वाटू लागते, आपल्याजवळ काही उरलेलेच नाही. मला द्यायला म्हणून तिने आपल्या घरात हात घातला, आणि तिथे काय आहे ते तिला दिसले. ते मी मोजून दाखवले असते, तर ते माझेच राहिले असते. आपला प्रभूसुद्धा दमून विहिरीवर बसला, तेव्हा समोरच्या बाईकडे त्याने आधी पाणी मागितले. तो खरोखर तहानलेला होता, अमोस."

 गावात येऊन अमोसला सहा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्याने कोणाकडे काही मागितले नव्हते.

बाबांचे ऑपरेशन नीट झाले. त्यानंतरच्या शनिवारी अमोस एकटाच रिबेकाबाईंच्या दारात उभा राहिला. बाजेवर सासूबाई डुलक्या घेत होत्या. चप्पल काढावी की नाही, हेच त्याला कळेना.

"ताई, उद्या माझं पहिलं प्रवचन आहे," तो म्हणाला. "पुस्तकं वाचता येतात मला. माणसांशी बोलता येत नाही."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं, ब्रदर," रिबेकाबाई हसल्या. "आत या. बसा."

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आणि अमोसने मान खाली घातली.