शेंड्यावरची खाकर

एका रानात एक उंबर होता. इतका पसरलेला, की भर उन्हाळ्यातही त्याच्या बुंध्याशी ओल टिकायची. त्या उंबरावर तीन कुळं नांदत होती.

खालच्या फांद्यांवर लाल तोंडाची माकडं. दिसेल ते भराभर गलोफ्यात कोंबायचं आणि मग एखाद्या बेचक्यात बसून निवांत चघळायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या गालांत आतून पिशव्याच असतात. वरच्या फांद्यांवर काळ्या तोंडाची वानरं. अंग राखाडी, शेपटी अंगापेक्षा लांब, पोटं मोठाली. कोवळी पानं खायची आणि ती पचेपर्यंत डुलत बसायचं. आणि मधल्या पानांच्या दाटीत एकटीच एक लाजवंती, रात्री हिंडणारं जनावर. अंगानं मूठभर, शेपूट अजिबात नाही, नाक ओलं आणि डोळे मात्र तोंडभर. ती दिवसभर मुटकुळं करून झोपायची.

तू कुठल्या कुळातला, असं तिथं कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मग रानात बिबट्या आला.

आधी त्यानं माकडांचं एक पोर उचललं. मग वानरांचं एक. मग पुन्हा माकडांचं. वानरांमधली एक म्हातारी वानरीण सतत शेंड्यावर बसलेली असायची. तिथून ती एकदम खाकरायची, "खर्र-खक्! खर्र-खक्!" तो आवाज आला की माकडं जिवाच्या आकांतानं वर पळायची, आणि खाली गवतातून ठिपक्याठिपक्यांचं अंग सरकत जाताना दिसायचं.

त्या माकडांत एक तरणी आई होती. तिचं पहिलंच पोर, अजून पोटाला बिलगून असलेलं. खाकर ऐकली की तिच्या काळजात धस्स व्हायचं. पानावर पान घासलं तरी ती दचकायची, पोराला इतकं घट्ट आवळायची की ते कळवळायचं.

एके दिवशी माकडांच्या म्होरक्यानं साऱ्यांना गोळा केलं.

"एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली का?" तो म्हणाला. "ती काळतोंडी खाकरली की बिबट्या दिसतो. ती गप्प असली की दिसत नाही. मग त्याला बोलावतं कोण?"

मान वर करून सगळ्यांनी शेंड्याकडे पाहिलं.

तरण्या आईला खरं तर हायसं वाटलं. इतके दिवस भीतीला तोंड नव्हतं. आता ते मिळालं होतं, आणि ते काळं होतं.

एक म्हातारी माकडीण मात्र पुढे आली. "अरे, त्यांचे हात तरी बघा. आपल्यासारखीच पाच बोटं, चपटी नखं. बिबट्याच्या नख्या अशा असतात का? ती काय त्याची नातलग आहेत?"

"त्या लाजवंतीच्या पायाला आहे की नखी!" एक जण ओरडला. "एकाच बोटाला आहे, पण आहे. मी पाहिलीय."

"अरे बाबा, त्यानं ती अंग खाजवते."

"आज अंग खाजवते, उद्या आपल्याला ओरबाडेल!"

काही जण हसले, पण ते हसणं कोरडं होतं. म्होरक्यानं हात वर केला. "वाद नको. आपण परीक्षा घेऊ. गालात उंबरं ठेवून जो बोलून दाखवील, तो आपला. बाकीच्यांनी झाड सोडायचं."

माकडांनी गाल फुगवून एकेक शब्द बोलून दाखवला. मग वानरांना खाली बोलावलं. म्हाताऱ्या वानरिणीनं उंबरं तोंडात घेतली, चावली आणि गिळली.

"हे मला नाही जमायचं," ती म्हणाली. "आमच्यात गालात साठवत नाहीत. पण मी याच झाडावर जन्मले रे बाबा."

"हाकला!" म्होरक्या ओरडला.

"हाकला! हाकला!" सगळी माकडं ओरडली. तरणी आईही ओरडली. तिच्याच आवाजानं पोटाशी झोपलेलं पोर दचकून जागं झालं.

वानरांनी वाद घातला नाही. लांब लांब झेपा घेत ती ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर निघून गेली. लाजवंती तर इतकी हळू चालायची, की तिला हाकलता हाकलता सूर्य मावळला.

त्यानंतर रान शांत झालं. खाकर नाही की पळापळ नाही. म्होरक्या शेपटी वर करून फांद्यांवरून मिरवू लागला. "बघा! खाकर गेली, बिबट्या गेला." तरणी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आणि एका दुपारी, तरणी आई झाडाखाली उंबरं वेचत असताना, काहीच आवाज झाला नाही. पान हललं नाही. फक्त गवत उघडलं आणि मिटलं, आणि शेजारी बसलेली म्हातारी माकडीण तिथं नव्हती.

तरणी आई झाडावर कशी चढली, ते तिचं तिलाच कळलं नाही. एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. आज तर कुणी खाकरलं नाही. मग बिबट्याला बोलावलं कुणी?

पण हे मोठ्यानं विचारायची तिची छाती झाली नाही.

"आपल्यात अजून कुणीतरी परकं आहे," म्होरक्या दबक्या आवाजात म्हणाला. त्याची नजर एकेका तोंडावरून फिरू लागली. जिथं ती थांबे, तिथलं माकड अंग चोरून बसे. फिरत फिरत ती नजर तरण्या आईपाशी आली आणि तिच्या पोरावर टेकली.

"काय गं, याचं तोंड लाल का नाही?"

"दादा, तान्हं आहे ते. आपली सगळीच पोरं आधी अशीच असतात. तुम्हीही असेच होता."

"आणि केस काळपट कसे?"

"जातील ते, दादा. वाढलं की जातील."

"उद्या बघू," म्होरक्या म्हणाला. "पाणी पिऊन आलो की बघू, गालात उंबर धरतं का ते."

दूध पिणारं पोर ते. उंबर कसलं धरतंय? आईनं आजूबाजूला पाहिलं. तिच्या बाजूनं कुणीही बोललं नाही. वानरांच्या बाजूनं तरी ती कुठं बोलली होती?

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत टोळी ओढ्यावर गेली. वानरांचं पानांतल्या रसावर बरंच भागतं, माकडांना मात्र पाण्याला खाली उतरावंच लागतं. म्होरक्या पुढे, टोळी मागे, आणि सर्वांत शेवटी पोराला पोटाशी धरून तरणी आई. तिला ना पुढे जावंसं वाटत होतं, ना मागे राहावंसं.

तिनं पाण्याला तोंड लावलं, आणि समोरच्या अर्जुनाच्या शेंड्यावरून आवाज आला.

"खर्र-खक्! खर्र-खक्!"

"बोलावलं तिनं!" म्होरक्या किंचाळला. "आवाजापासून लांब पळा! लव्हाळ्यात शिरा!"

सगळी माकडं त्याच्यामागून काठच्या लव्हाळ्याकडे धावली. तरण्या आईचेही पाय तिकडेच वळले. जन्मभर ती टोळीमागूनच धावली होती. पोर तिच्या पोटाला चिकटून थरथरत होतं. लव्हाळा जवळ होता, दाट होता. अर्जुन ओढ्यापलीकडे होता, आणि त्याच्यावर तीच काळतोंडी ओरडत होती.

काल कुणी ओरडलं नव्हतं. तरी काल बिबट्या आला होता.

ती वळली. पाणी उडवत, दगडांवरून घसरत, ती थेट त्या आवाजाच्या दिशेनं धावली. बुंध्यावर तिची बोटं सटकली. तेवढ्यात वरून एक लांब काळा हात खाली आला आणि त्यानं तिला मानगुटीला धरून ओढून घेतलं.

मग तिनं खाली पाहिलं. वरून लव्हाळा स्वच्छ दिसत होता, आणि लव्हाळ्यात दबा धरून बसलेला बिबट्याही. म्होरक्या नेमका त्याच्या तोंडाशी गेला होता. एक किंकाळी उठली आणि मध्येच तुटली.

बाकीची माकडं वाट फुटेल तिकडे पांगली. कुणी ओढा ओलांडून, कुणी दगडांवरून, एकेक करत थरथरत अर्जुनावर आली. वानरांनी सरकून त्यांना जागा करून दिली.

तरणी आई म्हाताऱ्या वानरिणीला म्हणाली, "मावशी, आम्ही तुला हाकललं. मीसुद्धा ओरडत होते."

"ऐकलं होतं मी. अजून थोडी वर ये पोरी, ती फांदी कच्ची आहे."

"आणि तरीही खाकरलीस?"

म्हातारीला तो प्रश्नच कळला नाही. "अगं, खाली बिबट्या होता ना," ती म्हणाली.

म्होरक्या परत आला नाही. बिबट्या मात्र रान सोडून गेला नाही, आणि भीतीही गेली नाही. माकडं आता अर्जुनावर खाली राहू लागली, वानरं वर. दाट पानांत कुठंशी लाजवंती झोपलेली असायची.

एका सकाळी शेंड्यावरून पुन्हा खाकर आली. पोर घाबरलं. आवाज जिकडून आला, तिकडे बघत ते रडू लागलं. आईही दचकली. पण तिनं पोराची हनुवटी धरून हळूच वळवली.

"ती कशी दिसते ते नको बघूस, बाळा," ती म्हणाली. "ती कुठं बघतेय ते बघ."

तात्पर्य: मन घाबरलेलं असलं की धोका दाखवणाराच आपल्याला धोका वाटू लागतो. अशा वेळी त्याचं कूळ आणि तोंड तपासण्याआधी तो बोट कुठं दाखवतोय, ते पाहावं.