झेंडूची वाट

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या एका गावात यामिनी पाटणकर एकटीच खानावळ चालवायची. गावचा दादा डॉन एवारिस्तो दारात येऊन गुरगुरला, "उद्या घर रिकामं कर, नाहीतर मुडदा पाडीन."

दुसऱ्या दिवशी मृतांचा सण होता. मेलेली माणसं त्या दिवशी घरी जेवायला येतात असं मानतात, आणि त्यांना वाट सापडावी म्हणून तिथले लोक झेंडूच्या पाकळ्या पसरतात.

सकाळी डॉन आला. यामिनीच्या उंबऱ्यापासून थेट त्याच्या दारापर्यंत पाकळ्या पसरलेल्या होत्या.

"हे काय?"

यामिनी म्हणाली, "इथं माझं कुणी नाही, डॉन. तुम्ही मारलंत, तर दरवर्षी जेवायला तुमच्याकडेच यावं लागेल. वाट ओळखीची असलेली बरी."

डॉन पांढराफटक पडला. पाकळीवर पाय पडू नये म्हणून समुद्राच्या पाण्यातून वळसा घालत तो घरी पळाला.