सम्राट बाजारात आले

सोपाऱ्याच्या राजाला हल्ली सल्ला हवा तो सभेतल्या विदुषी विशाखेचाच, म्हणून म्हातारा अमात्य स्कंदस्वाती तिच्यावर मनातून जळे.

एकदा रोमच्या व्यापाऱ्याने सभेत सोन्याचं नाणं ठेवलं. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पृथ्वीच्या गोळ्यावर उभी पंखवाली विजयदेवी.

“आमचे सम्राट इथवर पोहोचले,” तो म्हणाला. “तुमच्या राजाचं नाणं रोममध्ये कुणी पाहिलंय?”

अमात्याने संधी साधली. “याचं उत्तर विशाखादेवी देतील.”

विशाखा शांतपणे म्हणाली, “खरं आहे. मिरी हवी म्हणून तुमच्या सम्राटांना विजयदेवीला घेऊन आमच्या बाजारात यावं लागतं. आमच्या महाराजांवर तशी वेळ अजून आलेली नाही.”

राजाने हसत गळ्यातला हार तिला दिला. अमात्यालाही हसू आवरेना. तिला पुढे आपणच केलं, हे ध्यानात येताच मात्र तो आणखीच जळला.