कातरीनबायचा कोपरा

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे मूठभर घरं आणि मिठागरं, पलीकडे मोठं गाव आणि चर्च. ओहोटीला होडी चिखलात रुते. मग लग्नाची वरात थांबे, बाप्तिस्म्याचं बाळ थांबे. कातरीनबायच्या नवऱ्याची शवपेटी तर दिवसभर उन्हात किनाऱ्यावर थांबली. तेव्हाच ती म्हणाली, "मी मेल्यावर थांबणार नाही. चर्च अलीकडे होईल."

फादर तयार झाले, लोकांनी अलीकडच्या टेकडीवर दगड वाहून नेले. आणि पलीकडच्या बस्त्याव मुकादमांनी दावा लावला. टेकडी म्हणे त्यांच्या गुरांच्या चराईची! त्यांच्या एका गाईने कधी खाडी ओलांडली नव्हती. तरी मनाईहुकूम निघाला: निकालापर्यंत टेकडीवर भिंत उभारायची नाही.

"दगडाची नको? मग आपण उभे राहू," कातरीनबाय म्हणाली.

दर रविवारी माणसं खांद्याला खांदा लावून चौकोनात उभी राहू लागली. मधोमध फादर मिस्साची प्रार्थना म्हणत. समुद्राकडचा कोपरा कातरीनबायचा. खाडीकाठी सांगतात, वारा त्या माणसांपाशी येऊन थांबे आणि आत मेणबत्तीची ज्योत हलत नसे. वळचणीला बसाव्यात तशा चिमण्या त्यांच्या खांद्यांवर बसत.

हुकूम मोडल्याची तक्रार झाली. न्यायाधीश स्वतः होडीने आले.

"ही भिंत कोणी उभारली?"

"आमच्या आईबापांनी, साहेब," कातरीनबाय म्हणाली.

"खाली बसा सगळे!"

सगळे बसले.

"पडली भिंत," कातरीनबाय म्हणाली. "पुढच्या रविवारी पुन्हा उठू. उठायला मनाई असेल तर तेवढं लिहून द्या."

न्यायाधीश हसले, पण दावा चालूच राहिला. तारखा पडत गेल्या. भिंतीतली मुलं उंच झाली, म्हातारे वाकले.

एका रविवारी मिस्सा संपली, सगळे पांगले, कातरीनबाय हलली नाही. उभ्या उभ्याच गेली होती. खाडीला ओहोटी होती. दफनभूमी पलीकडे.

पलीकडून मुकादम बघत होते. सगळी भिंत मोडली, एक कोपरा मोडेना. ते तसेच चिखलात उतरले. सांगतात, त्यांच्या पावलाखाली चिखल फरशीसारखा घट्ट होत गेला.

"तिची कबर इथेच खणा," टेकडीवर येऊन ते म्हणाले. "टेकडी तुमची."

एवढं म्हणायला त्यांना एक मेलेली बाई लागली!

चर्च झालं. समुद्राकडच्या कोपऱ्यात मात्र दगड लावला नाही. तिथे आजही मिस्साभर एक माणूस उभा राहतो. सणाच्या दिवशी तो मान मुकादमांच्या घराण्याचा. त्यांच्यातलं कोणी येऊन उभं राहिलं, की मगच गाव बसतं.